सरासरीमागील रेणू : एकरेणू फ्लुओरेसन्स तंत्राच्या दाव्यांची चिकित्सा

जालन्याच्या बाजारातील मोसंबीच्या ढिगात निम्मी फळे १०० ग्रॅमची आणि निम्मी ३०० ग्रॅमची असतील, तर सरासरी २०० ग्रॅम येते. मात्र २०० ग्रॅमचे एकही फळ ढिगात नसते. परीक्षानळीतील प्रथिनांविषयी रसायनशास्त्र दीर्घकाळ अशाच सरासरीच्या भाषेत बोलत आले. १९८९ मध्ये मोर्नर यांनी एका रेणूचे प्रकाशशोषण टिपले आणि १९९६ मध्ये एकाच रेणूवरील दोन रंगद्रव्यांमधील ऊर्जा-हस्तांतरण मोजले गेले. तेव्हापासून ‘सरासरीने लपविलेले एकरेणू तंत्र उघड करते’ हे विधान या क्षेत्रातील शोधनिबंधांचे जणू मंगलाचरण होऊन बसले आहे. विधान खोटे नाही; परंतु ज्या सरसकटपणे ते केले जाते, तो तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रथिनाच्या दोन ठिकाणी दोन रंगद्रव्ये जोडली असता एकाकडून दुसऱ्याकडे ऊर्जा जाण्याचा वेग अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे साधारण ३ ते ८ नॅनोमीटरच्या पल्ल्यात ही प्रक्रिया मोजपट्टीसारखी वापरता येते. स्ट्रायर व हॉगलंड यांनी १९६७ मध्येच ते दाखविले होते. मोजले जाते ते दोन बिंदूंमधील अंतर. ‘आकार’ हा त्यावरून केलेला तर्क होय.

या संदर्भात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र येथील कृष्णमूर्ती, उदगावकर व सहकाऱ्यांचा २००१ चा शोधनिबंध पुन्हा वाचण्यासारखा आहे. बारस्टार या ८९ अमिनो आम्लांच्या प्रथिनाची घडी उलगडताना ‘घडी असलेले’ आणि ‘उलगडलेले’ अशा दोनच अवस्था असतात, असे नेहमीच्या मोजमापांवरून वाटत होते. या संशोधकांनी ५३ व्या स्थानावरील ट्रिप्टोफॅन आणि ८२ व्या स्थानावरील सिस्टीनला जोडलेला ऊर्जाग्राही गट यांच्यातील अंतराची केवळ सरासरी न काढता फ्लुओरेसन्सच्या क्षय-आलेखावरून त्या अंतराचे वितरणच मिळविले. रचना टप्प्याटप्प्याने ढिली होत जाते, असे त्यातून दिसून आले. एकही रेणू वेगळा न काढता सरासरीचा पडदा येथे दूर झाला, हे लक्षणीय आहे.

उलट एकरेणू प्रयोगात फोटॉन मोजके मिळतात. म्हणून ते बहुधा सुमारे एका मिलिसेकंदाच्या खिडकीत गोळा करावे लागतात. त्या अवधीत रेणू दोन अवस्थांमध्ये अनेकदा ये-जा करीत असेल, तर आलेखात मधोमध एकच शिखर उमटते आणि ते क्रमिक ढिलेपणासारखेच भासते. म्हणजे सरासरी नाहीशी झालेली नसते. ती रेणूंवरून काळावर सरकलेली असते. फ्लुओरेसन्सच्या क्षयाचा काळ नॅनोसेकंदांचा असल्याने बारस्टारच्या प्रयोगाला ही अडचण नव्हती. अर्थात, एखादा रेणू कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत आणि किती वेळाने गेला, हे वितरण कधीच सांगू शकत नाही. तेथे एकरेणू तंत्राला पर्याय नाही, आणि त्याचे खरे सामर्थ्यही तेथेच आहे.

या क्षेत्राने स्वतःची परीक्षा घेतली, हेही नमूद केले पाहिजे. २०२३ मध्ये १९ प्रयोगशाळांनी तीच प्रथिने स्वतंत्रपणे मोजली, तेव्हा अंतरांची अचूकता सुमारे ०.५ नॅनोमीटरच्या आत असल्याचे आढळले. हा आकडा अंतराविषयीचा विश्वास निश्चितच वाढवितो. मात्र मधल्या शिखराचा अर्थ लावण्यासाठी वेगवेगळ्या रुंदीच्या काल-खिडक्यांत तीच नोंद पुन्हा मांडावी लागते. हे काम सूक्ष्मदर्शकाचे नव्हे, गणिताचे आहे. प्रसिद्ध झालेल्या मूळ नोंदींवरून ते जालन्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगे आहे.