समर्पणाचा खर्च : टिळक, लक्ष्मीबाई आणि रमाबाई

'स्मृतिचित्रे' आपण हसत वाचतो, आणि लक्ष्मीबाईंनाही बहुधा तेच हवे होते. विसरभोळा, उधळा, घटकेत संतापणारा आणि घटकेत विरघळणारा कवी-नवरा. त्याच्या संसाराला ठिगळे लावणारी खमकी, कमी शिकलेली बायको. 1934 ते 1937 या काळात या आठवणींचे चार भाग निघाले. 1936मध्ये लक्ष्मीबाई गेल्या, त्यामुळे शेवटचा भाग त्यांना पाहता आला नाही. पुढे पाठ्यपुस्तकांनी उतारे उचलले ते बहुतेक गमतीचे, आणि समीक्षकांनी 'प्रांजळ', 'निर्मळ', 'अकृत्रिम' ही तीन विशेषणे एकमेकांकडून उसनी घेऊन काम भागवले. गेली काही वर्षे मी मराठी ख्रिस्ती वाङ्मय माझ्या परीने वाचतो आहे. पाठीशी विद्यापीठ नाही आणि गुरूही नाही. या वाचनातून माझे असे मत झाले आहे की, देवाला शरण जाणे म्हणजे नेमके काय आणि ते कोणाच्या जिवावर, हा प्रश्न मराठीत सर्वांत खोलवर याच पुस्तकाने विचारला आहे. तो प्रवचनाच्या भाषेत न विचारल्यामुळे आपल्या लक्षात आलेला नाही.

आधी शब्द पाहू. शरण जाणे, अर्पण करणे, वाहून घेणे, सोपवणे, स्वाधीन करणे, असे कितीतरी शब्द या कल्पनेसाठी मराठीत आहेत. यांतल्या 'स्वाधीन'पाशी मी नेहमी अडखळतो. व्युत्पत्तीने पाहिले तर त्याचा अर्थ स्वतःच्या ताब्यात असलेला, आणि स्वाधीनता म्हणजे स्वातंत्र्य. पण रोजच्या बोलण्यात आपण घराच्या किल्ल्या शेजाऱ्याच्या स्वाधीन करतो आणि चोराला पोलिसांच्या स्वाधीन करतो. म्हणजे जे आपल्या ताब्यात आहे तेच दुसऱ्याच्या ताब्यात देता येते. ज्याच्याकडे किल्लीच नाही, त्याने ती सोपवली म्हणण्यात अर्थ नाही. ही साधी गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

मराठी वाचकाला समर्पणाची ओळख असते ती नवविधा भक्तीतून. तिची नववी पायरी आत्मनिवेदन. 'दासबोधा'च्या चौथ्या दशकात रामदासांनी तिचा उलगडा केला आहे तो विचाराच्या वाटेने: निवेदन करणारा 'मी' कोण हे शोधू गेले की तो 'मी' सापडतच नाही, आणि मग देव आणि भक्त असे दोनपण उरत नाही. ख्रिस्ती शिकवण इथपर्यंत सोबत चालते आणि नेमक्या या वळणावर वेगळी होते. तिच्यात 'मी' विरघळत नाही. तो देवाला दिला जातो आणि कामाला लावून परत दिला जातो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीराचे अर्पण करायला सांगितले आहे, पण ते अर्पण जिवंत असावे असे म्हटले आहे. आणि लगेच मनाचे नूतनीकरण करून देवाची इच्छा काय आहे ते पारखून घ्या असेही सांगितले आहे. पारखायला पारखणारा लागतो. गेथशेमाने बागेतल्या रात्री स्वतः येशू आधी हा प्याला टळावा अशी मागणी करतो आणि मगच पित्याची इच्छा स्वीकारतो. लूकच्या शुभवर्तमानातली मरीया होकार देण्याआधी देवदूताला प्रश्न विचारते. दोन्ही प्रसंगांत स्वतःची इच्छा, स्वतःची शंका मोठ्याने बोलून दाखवलेली आहे. शरणागती येते ती त्यानंतर.

आणखी एक जागा इथे सांगायला हवी, कारण समर्पणावर बोलताना ती सहसा कोणी काढत नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू काही धर्मज्ञांना झापतो. ते म्हाताऱ्या आईबापांना सांगत, तुम्हाला जे माझ्याकडून मिळायचे ते मी देवाला वाहिले आहे. यासाठी तिथे आलेला शब्द 'कॉर्बान'. आपल्याकडे फारसी-उर्दूतून आलेला 'कुर्बान' त्याच सेमिटिक कुळातला. देवाला वाहिले म्हणून घरच्यांचे देणे बुडवायचे, ही सोय येशूला मान्य नव्हती. हे खरे की आईबापांवर माझ्याहून अधिक प्रीती करणारा मला योग्य नाही, असेही त्याने मत्तयाच्या दहाव्या अध्यायात बजावले आहे. दोन्ही वचने एकाच गुरूची आहेत आणि ती एकमेकांना सहजासहजी भेटत नाहीत. नारायण वामन टिळकांचे आयुष्य या दोन वचनांच्या मधल्या जागेत गेले.

टिळकांचा जन्म 1861चा, कोकणातल्या करजगावचा. 1893मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियनाने त्यांच्या हाती 'नवा करार' दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, या आशयाचे त्यांचे सांगणे प्रसिद्ध आहे आणि 'अभंगांजली' वाचणाऱ्याला ते पटते. ख्रिस्तकथा आपल्या छंदात आणणारे ते पहिले नव्हेत. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' 1616चे. टिळकांचा विशेष हा की, त्यांनी भक्तीची शब्दकळा जशीच्या तशी उचलली आणि तिच्या शेवटी सेवा आणून ठेवली. लीन होण्याची ओढ वारकऱ्याची, पण लीन झाल्यावर काय करायचे याचे उत्तर मात्र शुभवर्तमानातले.

इथवर सगळे अभ्यासक टिळकांचे कौतुक करतात आणि मीही करतो. अडचण पुढची. 1895चा तो बाप्तिस्मा त्यांनी बायकोला न सांगता घेतला. पदरी लहान मुलगा असलेल्या लक्ष्मीबाईंना बातमी नंतर कळली. त्यापुढची चारेक वर्षे त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या, त्यांतला काही काळ पंढरपुरात; नवरा जिवंत असूनही समाजाच्या लेखी अर्धवट विधवा. टिळकांच्या चरित्रकारांना हा काळ कसोटीचा वाटतो, आणि कसोटी म्हणजे टिळकांची! मला ही मांडणी नेहमीच खटकत आली आहे. मुंबईच्या त्या दिवशी टिळकांनी देवाला जे वाहिले, त्यात स्वतःचे होते तेवढेच वाहिले का?

टिळकांवर अन्याय नको म्हणून एक गोष्ट सांगतो. घर सोडून जाणे त्यांनी ख्रिस्ताकडून शिकलेले नाही. संसाराच्या पहिल्या वर्षांपासून ते न सांगता निघून जात, चार-दोन महिन्यांनी कुठूनतरी उगवत. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग अशा जाण्यायेण्याने भरलेला आहे. तेव्हा धर्मांतराने घर मोडले, ही त्या काळच्या नातलगांची तक्रार अर्धीच खरी. उलट धर्मांतरानंतर टिळक परत येण्यासाठी धडपडले, पत्रे लिहीत राहिले, आणि लक्ष्मीबाई नगर जिल्ह्यात त्यांच्याकडे आल्यावर बाप्तिस्म्याची सक्ती त्यांनी केली नाही. तरीही स्वभाव आणि पाचारण यांची सरमिसळ टिळकांच्या आयुष्यात शेवटपर्यंत राहिली. 1917मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचे काम सोडले, ख्रिस्ती संन्यासी म्हणवून घेतले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. मिशनच्या पगारातून आणि पाश्चात्त्य चौकटीतून सुटण्याची ती धडपड वैचारिकदृष्ट्या मला फार मोलाची वाटते. भारतीय ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या पायावर उभे राहावे हे त्या काळी म्हणायला छाती लागत होती. पण संन्याशालाही चूल होती, आणि ती पेटवणारी व्यक्ती तीच होती.

आता लक्ष्मीबाई. पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या वडिलांचे सोवळे रंगवले आहे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेण्यापर्यंत ते गेलेले होते. वाचक हसतो आणि पुढे जातो. मला वाटते, लक्ष्मीबाईंनी हे चित्र मुद्दाम दारात ठेवले आहे. देवाच्या नावाने एक पुरुष घरभर काय करू शकतो आणि ते निस्तरायला बायकांना किती राबावे लागते, याचा पहिला धडा त्यांना जलालपूरच्या माहेरीच मिळाला. सासरी आल्यावर देव बदलला, निस्तरणे बदलले नाही.

म्हणूनच त्यांचे स्वतःचे धर्मांतर बारकाईने वाचावे. ते नवऱ्यामागोमाग झालेले नाही. 1895 आणि 1900 यांच्यामध्ये पाच वर्षे आहेत, आणि त्यांतला शेवटचा काळ नवऱ्याच्या घरात राहूनही स्वतःचे सोवळे पाळण्याचा आहे. मग त्या एका प्रश्नाशी येऊन ठेपल्या: जात देवाने केली की माणसाने? या प्रश्नाचे उत्तर त्यांनी ना टिळकांकडून घेतले ना मिशनकडून. आपल्याशीच विचार करून सोडवला, आणि माणसानेच केली असे ठरल्यावर कोणाच्याही हातचे खायला त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. पौलाने सांगितलेले 'पारखणे' ते हेच, फक्त ते धर्मशाळेच्या वर्गात न होता स्वयंपाकघरात झाले. किल्ली आधी स्वतःच्या हातात आली आणि मग सोपवली गेली. 'स्वाधीन' शब्दाचे दोन्ही अर्थ याच क्रमाने जगलेली दुसरी व्यक्ती मराठी आत्मचरित्रात मला तरी भेटलेली नाही.

पुढे दुष्काळात अनाथ झालेली मुले त्यांच्या घरी आली आणि त्यांची आई होणे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले. कवी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, तेही नगरच्या त्या घरात मुलासारखे राहिले. टिळक माणसे आणीत आणि लक्ष्मीबाई त्यांना पुरवीत. पण हे लिहिताना त्यांच्या लेखणीत हुतात्म्याचा सूर येत नाही आणि क्षमेचा मोठेपणाही येत नाही. रागावल्या तर रागावल्याचे लिहितात, भांडल्या तर दोघांचीही बाजू लिहितात, प्रेम होते तिथे ते लपवत नाहीत. समीक्षकांनी याला 'प्रांजळपणा' म्हटले. माझ्या मते ही ख्रिस्ती पापकबुलीची शिस्त आहे, फरक एवढाच की इथे कबुली एकट्या 'मी'ची नाही, सगळ्या घराची आहे. टिळकांच्या कवितेत समर्पणाचा आनंद आहे. त्या आनंदाची जमाखर्चाची वही मात्र बायकोने लिहिली, आणि त्यात टिळकांचे येणे व टिळकांचे देणे दोन्ही चोख मांडले.

नवऱ्याच्या हाकेत देवाची हाक किती, हे लक्ष्मीबाईंना निवडावे लागले. पंडिता रमाबाईंसमोर तोच प्रश्न चर्चच्या रूपाने आला. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद सुरू झाला. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार 1977मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी टीकाकारांनी त्याचा हवा तेवढा उपयोग अजून केलेला नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. वाद त्रैक्यासारख्या गहन सिद्धान्तावरही आहे आणि क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत की संस्कृत, अंडे घातलेले पुडिंग खावे की नाही, अशा गोष्टींवरही. जेराल्डीनबाईंना या सगळ्यात गर्व दिसतो; समर्पण झाले आहे तर आज्ञापालन का नाही, असा त्यांचा रोख. रमाबाईंचे म्हणणे असे की, माझी सदसद्विवेकबुद्धी मी देवापुढे नमवली आहे, देवाच्या वतीने बोलणाऱ्या प्रत्येकापुढे नाही. ब्राह्मण पुरोहितांच्या आज्ञेतून सुटून आलेल्या विदुषीने दुसऱ्या पुरोहितांची आज्ञा डोक्यावर का घ्यावी? गंमत अशी की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला खरा ख्रिस्त भेटला, तोवर फक्त ख्रिस्ती धर्म मिळाला होता, असे त्यांनीच 1907च्या आपल्या साक्षीत सांगितले. म्हणजे वाँटेजला जे मागितले जात होते ते त्यांनी दिले, पण स्वतःच्या वेळी आणि ज्याचे होते त्याला. केडगावचे मुक्ती मिशन आणि मूळ हिब्रू व ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर ही त्यानंतरची कामे. 1922मध्ये रमाबाई गेल्या आणि ते भाषांतर 1924मध्ये बाहेर आले.

आपल्या संतपरंपरेच्या आणि ख्रिस्ती परंपरेच्याही अभ्यासात समर्पण तोलताना भक्ताची तीव्रता मोजली जाते: किती सोडले, किती सोसले. सोडलेल्यांत जिवंत माणसे किती होती आणि त्यांना कोणी विचारले होते का, हा रकाना कोराच राहतो. 'कॉर्बान'चा तो उतारा पाहता, हा रकाना ख्रिस्ती शिकवणीच्या बाहेरून आणलेला नाही. तो तिच्यात आधीपासून आहे. टिळकांना तो भरता आला नाही. तरी ते मोठे कवी राहतात आणि मोठे भक्तही. पण लक्ष्मीबाईंना बाजूला ठेवून त्यांचा भक्तिभाव समजावून सांगणारा लेख मला यापुढे पुरा वाटणार नाही.

'ख्रिस्तायन'चेच पाहा. 1919मध्ये टिळक गेले तेव्हा या महाकाव्याचे सुरुवातीचे थोडे अध्याय झाले होते. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला आणि ग्रंथ 1938मध्ये निघाला. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईने साठीच्या आसपास एका महाकाव्याचा बहुतांश भार उचलला, आणि तोही नवऱ्याने अर्धवट टाकलेल्या कामाचा. मी ज्या वाचनालयातून त्याची प्रत आणली, तिथल्या नोंदवहीत लेखक म्हणून एकट्या टिळकांचे नाव आहे. प्रत परत करताना मी त्यात एक चिठ्ठी घालून ठेवली आहे, अध्यायांच्या हिशेबासह.