तटाला पाठ लावून वसई पाहताना

वसईच्या किल्ल्यात मी पहिल्यांदा गेलो तो शाळेच्या सहलीत, आणि दुसऱ्यांदा पंधरा-वीस जणांच्या एका 'हेरिटेज वॉक'मध्ये. दोन्ही वेळा किल्ला पाहिल्याचं समाधान घेऊन परतलो. पुढे काही कामासाठी दुसऱ्या भेटीची टिपणवही काढली, तेव्हा एक गोष्ट खटकली. सहा पानं टिपणं होती. चर्चांची नावं होती, सनावळी होती, कमानींची रेखाटनं होती. पाण्याचा उल्लेख मात्र एकदाही नव्हता. जो किल्ला उल्हास नदीच्या मुखाशी, खाडी आणि समुद्र यांच्या बेचक्यात उभा आहे, तो मी पाण्याविना पाहून आलो होतो.

दोष त्या फेरीच्या वाटाड्याचा नव्हता. आपण किनाऱ्यावरच्या वास्तू ज्या पद्धतीने पाहतो, ती पद्धतच अशी आहे. म्हणून तिसऱ्या वेळी एकटाच गेलो, आणि फेरी आखताना नकाशाच्या आधी पंचांग उघडलं.

किनाऱ्यावरच्या घरांत भरतीचा एक साधा हिशेब सांगतात. तिथीला पाऊणने गुणलं, की भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर सव्वादोन. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, पण पायी फिरणाऱ्याला तेवढा पुरतो. शिवाय अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असल्यामुळे पाणी खूप मागे जातं आणि खूप वर येतं. गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी दर्यादरवाजाशी उभा होतो.

बहुतेक फेऱ्या गावाकडून आत शिरतात आणि दर्यादरवाजा शेवटी येतो, तोवर ऊन चढलेलं असतं आणि माणसं दमलेली असतात. क्रम उलटा केला, की किल्ल्याचा अर्थच बदलतो. सकाळी आठला दरवाजाबाहेर पाणी नव्हतं, चिखल होता. होड्या एका कुशीवर कलंडलेल्या होत्या. एक कोळी बाप्या गुडघाभर चिखलातून दोर ओढत होता. या चिखलात तोफ आणायची, शिडी लावायची, हजार माणसं उभी करायची, असा विचार करून पाहिला आणि लक्षात आलं, की या बाजूचं खरं संरक्षण दगडी भिंत करत नव्हती. ते काम चिखल आणि भरती करत होती. भिंत त्यांच्या मागे उभी होती एवढंच.

पोर्तुगिजांना वसई मिळाली ती २३ डिसेंबर १५३४च्या तहाने. गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या दडपणाखाली होता आणि त्याने वसईचा मुलूख नुनो द कुन्हाच्या हवाली केला. दोन वर्षांत किल्ल्याचं काम सुरू झालं आणि पुढे वसई पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताची राजधानी बनली. ही माहिती प्रत्येक पुस्तिकेत असते. पण इथेच का, या प्रश्नाचं उत्तर पुस्तिकेत नसतं. ते दर्यादरवाजात उभं राहिल्यावर समोर दिसतं. खाडीतून आतला मुलूख आणि बाहेर समुद्र, दोन्ही एकाच धक्क्यावरून हाताळता येतात. जुन्या बालेकिल्ल्याच्या दारावर पोर्तुगीज राजचिन्हांबरोबर एक गोलयंत्र कोरलेलं आहे. आकाशातली वर्तुळं दाखवणारं, नौकानयनाशी जोडलेलं हे उपकरण. मागच्या फेरीत ते मी 'नक्षी' म्हणून टिपलं होतं. या वेळी बंदरावरून चालत तिथे पोचलो, तेव्हा ते सरळ धंद्याच्या पाटीसारखं वाटलं.

दर्यादरवाजाच्या आतल्या अंगाला सेंट जोसेफचं चर्च आहे, वसईचं मुख्य चर्च. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या काळात त्याचा जीर्णोद्धार झाल्याचा १६०१चा लेख दारावर आहे. अभ्यासक तो लेख वाचतात, आणि ते बरोबरच आहे. जेर्सोन द कुन्हा या गोमंतकीय विद्वानाने १८७६मध्ये चौल आणि वसईवर ग्रंथ लिहिला. त्याने शिलालेख आणि इमारती यांची जी नोंद केली, तिच्यावाचून आपण आजही पुढे जाऊ शकत नाही. पण लेख वाचून झाल्यावर चार पावलं मागे सरकून मनोरा पाहावा. चर्चचा मनोरा असा बंदराला लागून उभा असतो, तेव्हा तो खाडीत शिरणाऱ्या तांडेलालाही दिसतो. त्याची उंची आतल्या भाविकांसाठी जितकी आहे, तितकीच बाहेरच्या पाण्यासाठी आहे, असं माझं वाचन आहे.

दगडाचीही तीच गोष्ट. ओल्ड गोव्यातल्या बॉम जेझूच्या दर्शनी भागावर जांभ्याच्या भिंतीत काळ्या दगडाचे कोरीव खांब आहेत. तो काळा दगड वसईकडून नेलेला. गोव्याचा जांभा सच्छिद्र, त्यात बारीक कोरीव काम टिकत नाही. वसईचा बेसॉल्ट कठीण, धारदार कडा धरणारा. म्हणून तो जहाजात चढवून शेकडो किलोमीटर दक्षिणेला नेला. बॉम जेझू पाहणाऱ्या आणि वसई पाहणाऱ्या दोघांनाही ही वाट ठाऊक असली, तर दोन्ही इमारती एकाच किनाऱ्याच्या होतात. एरवी एक 'गोव्याचं वैभव' आणि दुसरी 'वसईचे अवशेष', अशी वाटणी होऊन जाते.

किल्ल्याच्या आतला भाग मी दहा ते बारा पाहिला. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत, डॉमिनिकनांचं चर्च, फ्रान्सिस्कनांच्या चर्चच्या रुंद कमानी आणि जमिनीत बसवलेले थडग्यांचे दगड. छपरं गेलेली, भिंतींतून वड-पिंपळ उगवलेले. इथे पाहणाऱ्याचं मन हळवं होतं, आणि वसईवरचं पुष्कळ लेखन या हळवेपणावर चालतं. लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपीही याच कमानींखाली उभी राहतात. मला त्यांचा राग येत नाही. पडक्या कमानीतून येणारा उजेड सुंदर असतोच. पण या पाहण्यात एक फसगत आहे. अवशेष जुने आणि करुण दिसतात ते छप्पर गेल्यामुळे. त्यांचं मूळ काम, म्हणजे पावसाचे चार महिने आणि खारा वारा झेलणं, आपण विसरतो. इतक्या जाड भिंती, खोल खिडक्या आणि दगडी घुमटाकार छतं या हवेत काय करत होती, हा प्रश्न कुणी विचारत नाही. वास्तूचं कौतुक होतं, पण तिची परीक्षा होत नाही.

दुसरं वाचन विजयाचं. चिमाजीअप्पांचा पुतळा किल्ल्यात आहे, वज्रेश्वरीच्या नवसाची कथा सर्वांना पाठ आहे, आणि वसईच्या चर्चांमधल्या घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला आजही टांगलेल्या आहेत. मराठी माणसाला हे वाचन प्रिय आहे, मलाही आहे. तक्रार एवढीच, की त्यात जमीन नसते. साडेबाराच्या सुमाराला मी उत्तरेच्या तटावर पोचलो. इथून बाहेर पाहिलं, की सकाळच्या चिखलाचा मागमूस नाही. किल्ल्याला इतर बाजूंनी पाणी आणि दलदल. चालून येता येईल अशी कोरडी जमीन काय ती इथे. मराठ्यांचे मोर्चे लागले ते याच बाजूला. बुरुजांखाली सुरुंग खणले गेले ते इथे. मे १७३९मध्ये किल्ला शरण आला. चाळीस वर्षांनी, १७८०मध्ये, इंग्रज सेनापती गॉडर्डनेही याच बाजूने मोर्चे लावून तोच किल्ला मराठ्यांकडून घेतला. दोन वेढे, दोन वेगळी सैन्यं, उघडी पडणारी बाजू एकच.

दलदलीत भुयार खणता येत नाही. खणलं की पाणी भरतं. म्हणजे अप्पांच्या सैन्याने नुसतं शौर्य दाखवलं नाही, जमीन ओळखली. हे सांगितल्याने विजय लहान होत नाही. उलट ज्या बेलदारांनी आणि सुरुंग लावणाऱ्यांनी रात्रीच्या रात्री माती उपसली, त्यांची मेहनत त्या कथेत जागा मिळवते. जमिनीशिवाय सांगितलेल्या विजयात फक्त सेनापती उरतो.

मग प्रश्न येतो तो आजचा. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामास मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र, अशी तरतूद २०१०च्या कायदा-दुरुस्तीने केली. ती मोलाची आहे. पण ते अंतर मोजलं जातं स्मारकाच्या हद्दीपासून, आणि पाणी अशी हद्द मानत नाही. वसईच्या पूर्वेकडची मिठागरं, तिवरांची रानं, खाजणं हा किल्ल्याच्या रचनेचाच भाग होता. ज्यांनी भिंत बांधली त्यांनी या पाणथळीवर भिस्त ठेवली होती. आज तिथे भराव पडला, की आपण त्याला पर्यावरणाचा प्रश्न म्हणतो, वारशाचा म्हणत नाही. किल्ला एका खात्याकडे, खाजण दुसऱ्याकडे. जुलै २०१८च्या पावसात वसई-नालासोपारा पट्ट्यात रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले आणि मिठागरांतली माणसं अडकून पडली. त्या दिवसांत वसईच्या जमिनीने आपला जुना नकाशा पुन्हा दाखवला, असं मला वाटतं. तो नकाशा चारशे वर्षांपूर्वी किल्ला बांधणाऱ्यांना वाचता येत होता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. किनारा कधीच स्थिर नसतो. गाळ साठतो, वाळू सरकते, माणसं वाढतात. मग १७३९चा भूभाग जपायचा म्हणजे काय, गावाला काचेच्या पेटीत ठेवायचं? मी तसं म्हणत नाही. किल्ल्यातून जाणारा रस्ता, किल्लाबंदर-पाचूबंदरच्या कोळ्यांची ये-जा, वाळत घातलेली जाळी, २०२४पासून सुरू झालेली भाईंदरची रो-रो बोट, हे सगळं किल्ल्याच्या विरोधात नाही. उलट ज्या कामासाठी दर्यादरवाजा उघडला गेला, ते काम हीच माणसं चालू ठेवत आहेत. बदल आणि भराव यांत फरक आहे. बदलात पाण्याला वाट राहते.

म्हणून वसईची फेरी आखणाऱ्यांकडे माझी मागणी छोटी आहे. फेरीची वेळ सोयीने न ठरवता भरतीने ठरवावी. सुरुवात दर्यादरवाजापासून, ओहोटीला व्हावी. प्रत्येक वास्तूपाशी एकदा तिच्याकडे तोंड करून उभं राहावं आणि एकदा तिला पाठ लावून. वाटाडा नसला तरी चालेल. हाती तिथी हवी आणि पायांत चिखल लागला तर चालेल अशा वहाणा.

सव्वादोनला मी परत दर्यादरवाजाशी आलो. सकाळी कुशीवर पडलेल्या होड्या सरळ उभ्या होत्या आणि पाणी धक्क्याच्या दगडांना लागलं होतं. सकाळचा तो बाप्या होडीत चढत होता. "किल्ला बघून झाला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "अर्धा झाला. उरलेला आत्ता बघतोय." तो हसला आणि दोर सोडला.