आंजूच्या काउंटांची वंशकथा : कोऱ्या जागेचा अर्थ

ल्वार नदीच्या खोऱ्यातील आंजू प्रांताचा काउंट चौथा फुल्क याने १०९६ साली आपल्या घराण्याचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला. सत्ताधाऱ्यानेच लिहिलेला असा इतिहास त्या काळी दुर्मीळच. पहिल्या चार काउंटांचे पराक्रम आपण सांगू शकत नाही, त्यांच्या कबरी कुठे आहेत हेही आपल्याला माहीत नाही, असे तो सरळ सांगतो. या कबुलीमुळे लेखकावर विश्वास बसतो.

मात्र त्याच धूसर काळाविषयी एक गोष्ट तो ठासून सांगतो. आंजूचा अधिकार मिळाला तो चार्ल्स द बाल्डच्या वंशाकडून. राजा पहिल्या फिलिपच्या वंशाकडून नव्हे. याच फिलिपने १०९२ मध्ये फुल्कची पत्नी बर्त्राद हिला पळवून आपली राणी केले होते. फुल्कचा स्वतःचा वारसाही आईकडून आलेला, आणि सत्ता थोरल्या भावाला कैद करून मिळवलेली. तेव्हा ही वंशकथा म्हणजे भूमीवरील हक्काचा दस्तऐवजही आहे.

बाराव्या शतकात मठवासी लेखकांनी इंगेल्जेर या पहिल्या काउंटच्या मागे तेर्तुल हा पूर्वज उभा केला. पुढे ११५४ मध्ये याच घराण्यातील दुसरा हेन्री इंग्लंडचा राजा झाला, आणि या ग्रंथाची सुधारित आवृत्ती त्यालाच अर्पण झाली. फुल्कने सोडलेली जागा अशी भरली गेली. म्हणूनच वंशावळीतील नावांइतकीच ती नावे केव्हा आणि कोणासाठी आली, याचीही छाननी व्हायला हवी.