दुव्यांची गणती आणि दुव्यांचे मोल

संकेतस्थळाची योग्यता एका आकड्यात सांगता येते, ही समजूत पाव शतक टिकून आहे. ते आकडे देणारी साधने मात्र टिकली नाहीत. गूगलच्या टूलबारवर २००० पासून दिसणारा पेजरँकचा शून्य ते दहा हा गुणांक २०१६ मध्ये काढून घेण्यात आला, आणि अलेक्साची क्रमवारी २०२२ च्या मे महिन्यात बंद झाली. खाजगी कंपन्या देतात ते शंभरांपैकी गुण आजही प्रचारात आहेत. अशा गुणांकडे पाहून संदर्भ निवडणारे विद्यार्थी आमच्याही पाहण्यात येतात. म्हणून हा ऊहापोह.

अलेक्साचा पाया मुळातच कच्चा होता. ज्यांनी तिचे साधन आपल्या संगणकावर बसविले होते, त्यांच्या भ्रमंतीवरून मुख्यत्वे साऱ्या जगाच्या आवडीचे अनुमान केले जाई. एक लाखापुढील क्रमांकांवर विसंबू नये, असे अलेक्सा स्वतःच सांगत असे. अभ्यासोपयोगी मराठी स्थळांची जागा बहुधा त्या सीमेपलीकडेच असणार!

पेजरँकची गोष्ट निराळी. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये तो मांडला, तेव्हा विद्वानांची एकमेकांच्या ग्रंथांचा संदर्भ देण्याची रीत त्यांच्यापुढे होती. दुव्यांची केवळ संख्या न मोजता दुवा देणाऱ्या पानाचे वजनही त्यांनी हिशेबात घेतले, आणि ते वजन त्या पानावरील सर्व दुव्यांत विभागले. कल्पना चोख आहे. परंतु दुवा देणारा तो वाचकासाठी देतो, हे तिच्यातील गृहीत. गुणांक सर्वांना दिसू लागताच त्याला तडा गेला; अधिक गुणांच्या पानावरील दुवा ही विक्रीची वस्तू झाली. २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानदार कंपनीचे प्रकरण उजेडात आणले. विषयाशी काडीचा संबंध नसलेल्या शेकडो स्थळांवर तिच्याकडे नेणारे दुवे पेरलेले होते, आणि कपड्यांपासून गालिचांपर्यंत काहीही शोधले तरी तिचेच नाव अग्रभागी येई. कंपनीने आपला हात असल्याचे नाकारले. गूगलने तिला खाली ढकलले; पण तोवर नाताळची खरेदी उरकली होती.

याच्या उलट उदाहरण इंग्रजी विकिपीडियाचे. २००७ च्या आरंभी तिने आपल्या बाह्य दुव्यांना ‘नोफॉलो’ ही खूण लावली. या खुणेचा दुवा गूगल त्या काळी गुणगणनेत धरीत नसे. म्हणजे गुणांकाच्या दृष्टीने या दुव्यांचे मोल शून्य. पण लेखातील विधान पडताळू पाहणारा वाचक याच दुव्यांनी मूळ साधनापर्यंत पोहोचतो. गुणांक आणि उपयोग यांची फारकत याहून स्पष्ट कोठे दिसणार?

एखाद्या लहान ग्रंथसंग्रहालयाने आपल्या हस्तलिखितांची सूची संकेतस्थळावर ठेवली आहे असे समजा. तिला शंभर निर्देशिकांत नोंदविण्यापेक्षा पाठचिकित्सा करणाऱ्या एका अभ्यासकाने आपल्या टीपेत दिलेला दुवा मोलाचा, कारण तो त्या विशिष्ट पोथीच्या नोंदीवर नेतो आणि ती का पाहावी हेही सांगतो. असा दुवा मागून मिळत नाही. त्यासाठी सूचीकाराने प्रत्येक पोथीला स्वतंत्र पान द्यावे, लेखनकाल व पत्रसंख्या नोंदवावी, आणि पानाचा पत्ता वरचेवर बदलू नये. ही शेवटची गोष्ट आपल्याकडील संस्था सहसा पाळीत नाहीत. स्थळाचे नूतनीकरण होते आणि जुन्या प्रबंधांतील दुवे एका दिवसात निकामी होतात.