शब्दांवाचून गिटार

व्हॅन शिप्ले यांची इलेक्ट्रिक गिटार आणि पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचे अकॉर्डियन. या जोडीने हिंदी चित्रपटगीतांच्या धुनांच्या कितीतरी तबकड्या भरल्या. बंगालमध्ये सुनील गांगुलींनी हवाईयन गिटारवर तेच केले. सूर गोड होता, हात तयार होते. ऐकणारा मनातल्या मनात शब्द म्हणायचा. पण या तबकड्यांनी आपल्या कानाला लावलेली सवय अजून सुटलेली नाही: शब्दांवाचून गिटार म्हणजे गायक गैरहजर असलेले गाणे, असे आपण धरून चालतो. यूट्यूबवरची आजची ‘कव्हर’ ही त्याच तबकड्यांची नातवंडे.

ही चौकट मोडणारे झालेच. ब्रिजभूषण काबरांनी गिटार आडवी ठेवून रागाला हात घातला; ‘कॉल ऑफ द व्हॅली’त (१९६७) संतूर आणि बासरीच्या बरोबरीने ती बोलते. विश्वमोहन भट्टांना राय कूडर यांच्यासोबतच्या ध्वनिमुद्रणासाठी १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले. मात्र या वाटेला गुरू, राग आणि मैफल यांचे छत्र होते. छातीशी धरून वाजवायच्या गिटारला ते नव्हते. मुंबईत जन्मलेल्या, गोमंतकीय वंशाच्या अमान्सिओ डिसिल्वांनी जॅझ आणि रागाची वळणे एकत्र आणली, पण ‘इंटिग्रेशन’ आणि ‘हम दोनो’ हे त्यांचे दोन्ही महत्त्वाचे अल्बम १९६९ मध्ये निघाले ते इंग्लंडात. आपल्याकडे त्यांचे नाव किती वादकांना ठाऊक आहे, हे विचारायलाही संकोच वाटतो.

पाश्चात्त्य गिटारची गोष्ट वेगळी. १९६० मध्ये ‘द शॅडोज’चे ‘अपाची’ गाजले ते निव्वळ सुरावटीवर. चार वेळा ऐकले की कुणालाही गुणगुणता येते. जेफ बेकचे ‘ब्लो बाय ब्लो’ (१९७५) आजही शिकवते, कारण बेक सुरावर थांबतो, तो वाकवतो, आवाज हळूहळू उघडतो. आपल्याकडच्या मींडेच्या जवळ जाणारे हे काम आहे. पुढे जो सॅट्रियानी आणि स्टीव्ह व्हाय यांनी वेग आणला. सॅट्रियानींच्या वेगाखाली मुखडा शाबूत असतो, त्यांचे अनुकरण करणाऱ्यांकडे बहुधा फक्त वेग उरला. मैफलीत नुसत्या तयारीला टाळ्या पडतात आणि घरी जाताना काहीच आठवत नाही, तसे ते संगीत आहे.

आजची पिढी तंत्रात त्यांच्याही पुढे गेली आहे. ‘पॉलिफिया’ या बँडची हुकमत थक्क करते, माझ्या लक्षात मात्र तुकडे राहतात, रचना क्वचित. सिडनीचा प्लिनी मला अधिक मोठा वाटतो, त्याची धून श्वास घेते. अकौस्टिक गिटारच्या अंगावर थापा मारत वाजवायची तऱ्हा मायकेल हेजेसच्या हातात नवी भाषा होती, आता ती सवय झाली आहे. यात मोबाइलच्या छोट्या पडद्याचा दोष मोठा. अर्ध्या मिनिटात चमक दाखवायची म्हटल्यावर सावकाश उलगडणारी रचना कोण बांधेल?

पैशांचे गणित बसवताना स्वतंत्र वादकाने अमेरिकन गिटारवादक जॉन फाहीकडे पाहावे. १९५९ मध्ये पेट्रोल पंपावरच्या कमाईतून त्याने आपल्या पहिल्या तबकडीच्या १०० प्रती काढल्या, ‘टाकोमा’ हे लेबलही स्वतःचेच. सॅट्रियानींनी पहिल्या अल्बमचा खर्च क्रेडिट कार्डावर भागवला, आणि त्याआधी वर्षानुवर्षे शिकवण्या केल्या. शिकवणी हा कमीपणा नव्हे. या धंद्यात घरभाडे बहुतेक वेळा तिच्यातूनच निघते. स्ट्रीमिंगवर भिस्त ठेवू नये. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला एक पैसाही मिळत नाही.

ओळख व्हावी म्हणून चित्रपटगीते खुशाल वाजवा, पण त्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे पैसे बहुधा संगीत कंपनीकडे जातात. स्वतःच्या धुनेचे हक्क तुमचे असतात. संगीतकार म्हणून ‘आयपीआरएस’ या रचनाकारांचे मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा; शब्द नसलेल्या रचनेलाही रचनाकार असतोच. तबलजी, बास वाजवणारा, मिक्सिंग करणारा यांच्याशी वाटा किती हे ध्वनिमुद्रणाआधी कागदावर लिहून घ्या. मैत्रीत हे विचारायला जड जाते, नंतर मैत्रीच जड जाते. आणि शक्य असेल तर संगणकावरच्या ठेक्याऐवजी माणूस बसवा. समोरचा कधी थांबतो हे ऐकत वाजवल्याशिवाय आपल्याला थांबता येत नाही.

उपकरणांविषयी एवढेच म्हणेन: पेडल नंतर घ्या. स्टुडिओची वेळ ठरवण्याआधी तुमची रचना गिटार बाजूला ठेवून तोंडाने म्हणून पाहा. म्हणता येत नसेल, तर आगाऊ पैसे भरू नका.