युद्धाचा हेतू आणि एकट्याचे मत : सिगफ्रीड ससून यांच्या १९१७ च्या निवेदनाची चिकित्सा

प्रस्तावना

युद्धकाळात व्यक्तीच्या मताला एरवीपेक्षा वेगळे मोल येते. शांततेच्या काळात जे मत केवळ मतभेद म्हणून ऐकून घेतले जाते, तेच युद्धकाळात निष्ठेची कसोटी ठरते. अशा वेळी समाज त्या मताचे खंडन करतोच असे नाही. पुष्कळदा मत बाजूला राहते आणि मत मांडणाऱ्याचीच तपासणी सुरू होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश कवी आणि सेनाधिकारी सिगफ्रीड ससून (१८८६–१९६७) यांनी जुलै १९१७ मध्ये जाहीर केलेले निवेदन हे या प्रक्रियेचे ठळक उदाहरण आहे. जेमतेम एका पानाचा हा मजकूर युद्धविरोधी वाङ्मयाच्या इतिहासात वारंवार उल्लेखिला जातो. परंतु हा उल्लेख बहुधा कवीच्या धैर्यकथेचा एक प्रसंग म्हणून येतो. निवेदनात नेमके काय म्हटले होते आणि त्याला कोणते उत्तर मिळाले, याचा एकत्रित विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निवेदनाची पार्श्वभूमी

ससून हे सुखवस्तू घरातील, शिकार व क्रिकेट यांत रमणारे तरुण होते. ऑगस्ट १९१४ मध्ये ते स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले. नोव्हेंबर १९१५ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ गॅलिपोलीच्या मोहिमेत मरण पावला. मे १९१६ मध्ये शत्रूच्या खंदकावरील छाप्याच्या वेळी जखमी सहकाऱ्यांना गोळीबारातून परत आणल्याबद्दल त्यांना 'मिलिटरी क्रॉस' हे शौर्यपदक मिळाले. एप्रिल १९१७ मध्ये अरासच्या लढाईत खांद्याला गोळी लागून ते इंग्लंडला परतले. या विश्रांतीच्या काळात त्यांचा तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि समीक्षक जॉन मिडलटन मरी यांच्याशी संपर्क आला आणि त्यांच्या साहाय्याने निवेदनाचा मसुदा तयार झाला. रजा संपल्यावर कामावर रुजू होण्यास नकार देऊन ससून यांनी तो आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठविला.

ही पार्श्वभूमी एका कारणासाठी लक्षात घ्यावी लागते. युद्धाला विरोध करणाऱ्यांवर त्या काळी भित्रेपणाचा आरोप सर्रास होत असे. ससून यांच्या बाबतीत तो आरोप टिकणे शक्य नव्हते, कारण शौर्याची ग्वाही खुद्द सरकारनेच दिलेली होती.

निवेदनाचे स्वरूप

निवेदनाची भाषा पाहता पहिली लक्षात येणारी गोष्ट म्हणजे त्यातील प्रथमपुरुषी एकवचन. 'मी मानतो', 'मी पाहिले आहे', 'मी निषेध करतो' अशा धाटणीच्या विधानांवर संपूर्ण मजकूर उभा आहे. कोणत्याही पक्षाचा, धर्मतत्त्वाचा अथवा सिद्धान्ताचा आधार त्यात घेतलेला नाही. ससून सर्व युद्धांचा निषेध करीत नाहीत. आपण ज्या युद्धात सामील झालो ते संरक्षणाचे आणि मुक्तीचे होते, आता ते आक्रमणाचे आणि विजयलालसेचे झाले आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. युद्धाची उद्दिष्टे आरंभीच स्पष्ट सांगितली असती, तर ती मागाहून बदलता आली नसती आणि वाटाघाटींचा मार्ग खुला राहिला असता, असे ते सुचवितात.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे निवेदनातील संयम. ससून यांच्या कवितेत चिखल, प्रेते आणि जखमा यांचे थेट वर्णन आढळते. निवेदनात मात्र यांपैकी काहीही नाही. सैनिकांच्या यातनांचा उल्लेख आहे, पण चित्रण नाही. वाचकाच्या दयेला आवाहन करण्याऐवजी त्याच्या विचाराला प्रश्न विचारावा, असे या मजकुराचे धोरण दिसते. आपला आक्षेप युद्ध चालविण्याच्या पद्धतीवर नसून राजकीय चुका व अप्रामाणिकपणा यांवर आहे, हे त्यात स्वतंत्रपणे नमूद केले आहे. अखेरीस रोख घरी सुरक्षित राहिलेल्या नागरिकांकडे वळतो. ज्या यातना आपल्याला भोगाव्या लागत नाहीत आणि ज्यांची कल्पनाही करता येत नाही, त्यांच्याकडे निश्चिंतपणे पाहणाऱ्या समाजाला ससून दोषी ठरवितात. म्हणजे निवेदनाचे प्रतिवादी दोन आहेत : शासन आणि जनता.

प्रतिक्रियेच्या तीन पातळ्या

निवेदनावरील पहिली प्रतिक्रिया मित्रवर्तुळातून आली. कवी आणि सहअधिकारी रॉबर्ट ग्रेव्हज यांना ससून यांचे युद्धाविषयीचे मत बव्हंशी मान्य होते; मात्र या कृतीने काहीही साधणार नाही आणि मित्राचे आयुष्य नष्ट होईल, असे त्यांना वाटत होते. त्यांनी वैद्यकीय मंडळाची तपासणी घडवून आणली आणि मंडळापुढे स्वतः साक्ष दिली. लष्करी न्यायालयापुढे खटला कदापि चालणार नाही, अशी खात्री ग्रेव्हज यांनी दिल्यामुळेच ससून तपासणीस तयार झाले. ही हकीकत ग्रेव्हज यांच्या 'गुडबाय टु ऑल दॅट' (१९२९) या आत्मचरित्रात आणि ससून यांच्या 'मेमॉयर्स ऑफ अॅन इन्फन्ट्री ऑफिसर' (१९३०) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत, तपशिलाच्या काही फरकाने, आली आहे. मताला पहिला अडथळा शत्रुत्वातून आला नाही. तो स्नेहातून आला.

दुसरी प्रतिक्रिया संसदेतील होती. २७ जुलै १९१७ रोजी 'ब्रॅडफर्ड पायोनियर' या साप्ताहिकाने निवेदन छापले. ३० जुलै रोजी उदारमतवादी सदस्य हेस्टिंग्ज लीस-स्मिथ यांनी ते कॉमन्स सभागृहात वाचून दाखविले आणि दुसऱ्या दिवशी 'द टाइम्स'मध्ये त्याचा वृत्तान्त आला. युद्धखात्याचे उपमंत्री इयन मॅकफर्सन यांनी उत्तरात ससून यांच्या शौर्याची प्रशंसा केली, ते मानसिकदृष्ट्या खचलेले असल्याचे सांगितले आणि अशा मनःस्थितीतील तरुणाच्या लेखनाचा सदस्यांनी उपयोग करू नये, अशी अपेक्षा व्यक्त केली. युद्धाची उद्दिष्टे बदलली आहेत काय, या मूळ प्रश्नाला या उत्तराने बगल दिली. ज्या दिवशी हा वृत्तान्त छापून आला त्याच दिवशी, ३१ जुलै १९१७ रोजी, ईप्रची तिसरी लढाई सुरू झाली. पॅशनडेलच्या नावाने ओळखली जाणारी ही लढाई नोव्हेंबरपर्यंत चालली आणि तीत दोन्ही बाजूंची लक्षावधी माणसे मृत अथवा जखमी झाली.

तिसरी प्रतिक्रिया वैद्यकशास्त्राची. ससून यांना एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथील युद्धरुग्णालयात पाठविण्यात आले. तेथील डॉक्टर डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे मानववंशशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्ही क्षेत्रांतील नामवंत अभ्यासक होते. त्यांनी तपासणीत मज्जासंस्थेच्या विकाराचे कोणतेही शारीरिक लक्षण नोंदविले नाही आणि ससून यांची भूमिका सर्वसाधारण शांततावाद्यांहून वेगळी असल्याचे टिपून ठेवले. ज्याला रोगी ठरविले तो रोगी नाही, हे ज्या डॉक्टरला उमगले, त्याच डॉक्टरवर त्याला पुन्हा लढण्यास तयार करण्याचे काम सोपविलेले होते. २६ नोव्हेंबर १९१७ रोजी ससून सेवेस योग्य ठरले. आपण परत जात आहोत ते मत बदलले म्हणून नव्हे, तर आपल्या सैनिकांना एकटे सोडवत नाही म्हणून, अशी त्यांची धारणा होती. १९१८ मध्ये ते प्रथम पॅलेस्टाइन आणि नंतर फ्रान्सच्या आघाडीवर गेले. जुलै १९१८ मध्ये स्वपक्षाच्याच सैनिकाची गोळी डोक्याला लागून ते जखमी झाले आणि त्यांचे युद्ध संपले.

मत एक, शिक्षा अनेक

या वागणुकीची तुलना इतरांना मिळालेल्या वागणुकीशी केल्यास तिचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. ब्रिटनमध्ये सुमारे १६,००० व्यक्तींनी सद्सद्विवेकबुद्धीच्या आधारे सक्तीच्या सैन्यसेवेस नकार दिला. त्यांपैकी फ्रान्सला नेलेल्या ३५ जणांना १९१६ मध्ये देहदंड सुनावण्यात आला आणि नंतर तो सश्रम कारावासात बदलण्यात आला. एका पत्रकाबद्दल रसेल यांना त्याच वर्षी १०० पौंड दंड झाला आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील अध्यापकपदही गेले. १९१८ मध्ये त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. पत्रकार ई. डी. मोरेल यांना १९१७ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा झाली. पदकधारी, सुसंस्कृत घराण्यातील अधिकाऱ्याच्या वाट्याला मात्र रुग्णालय आले. तुरुंग त्याच्यासाठी अडचणीचा होता, कारण तेथे पाठविल्याने त्याच्या मताला हौतात्म्य लाभले असते. रुग्णालयाने त्याचे शौर्य अबाधित ठेवले आणि त्याचे मत तेवढे रद्द केले. ही शिक्षा सौम्य होती. मताच्या दृष्टीने पाहता ती अधिक परिणामकारक होती.

'कसे' आणि 'का'

त्याच महिन्यातील आणखी एक घटना या संदर्भात उद्‌बोधक ठरते. मेसोपोटेमियातील मोहिमेच्या दुरवस्थेची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल जून १९१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. या मोहिमेत सहाव्या पुणे डिव्हिजनने एप्रिल १९१६ मध्ये कुत येथे शरणागती पत्करली होती आणि या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणींचाही समावेश होता. जखमींच्या वाहतुकीची आणि औषधोपचारांची झालेली हेळसांड अहवालाने उघड केली. संसदेत त्यावर कठोर टीका झाली आणि जुलैमध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

म्हणजे युद्ध 'कसे' चालविले जाते यावरील टीका त्याच संसदेला, त्याच जनतेला सहन झाली; इतकेच नव्हे, तिने मंत्र्याला पायउतार केले. युद्ध 'का' चालविले जाते हा प्रश्न मात्र आजाराचे लक्षण ठरला. ससून यांनी पद्धतीवरील टीकेचा मार्ग जाणीवपूर्वक नाकारला होता. तो स्वीकारला असता तर त्यांना कदाचित अधिक श्रोते मिळाले असते, पण त्यांचा प्रश्न उरला नसता.

हा प्रश्न अवाजवी नव्हता, हे पुढील काही महिन्यांतच दिसून आले. २९ नोव्हेंबर १९१७ रोजी माजी परराष्ट्रमंत्री लॉर्ड लॅन्सडाऊन यांनी 'डेली टेलिग्राफ'मधील पत्रातून युद्धाची उद्दिष्टे स्पष्ट करण्याची आणि वाटाघाटींच्या शक्यतेची मागणी केली. त्यांच्यावरही टीकेचा भडिमार झाला. परंतु ५ जानेवारी १९१८ रोजी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना कामगार संघटनांच्या प्रतिनिधींपुढे ब्रिटनची युद्धोद्दिष्टे जाहीर करावी लागली. जुलैमध्ये जे विकाराचे चिन्ह होते, ते जानेवारीत शासनाचे कर्तव्य झाले.

निवेदनाच्या मर्यादा

निवेदनाचे महत्त्व मान्य करताना त्याच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. पहिली मर्यादा अशी की, वाटाघाटींसाठी दुसरी बाजू तयार आहे काय, याचा विचार त्यात नाही. जर्मन संसदेने १९ जुलै १९१७ रोजी शांततेचा ठराव संमत केला खरा, पण त्या देशाची सूत्रे सेनानींच्या हाती होती. स्वतः ससून यांनी 'सिगफ्रीड्ज जर्नी' (१९४५) या आत्मकथनात, १९१७ मधील तह टिकाऊ ठरला असता असे मानणे कठीण असल्याचे नमूद केले. मत मांडणाराच कालांतराने आपल्या मताचा फेरविचार करू शकतो. मताला आजार मानणाऱ्या समाजाने मात्र हा युक्तिवाद १९१७ मध्ये करून पाहिला नाही.

दुसरी मर्यादा प्रतिनिधित्वाची आहे. आपण सैनिकांच्या वतीने बोलत आहोत, असे ससून म्हणतात. या युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक व कामगार समुद्रापार गेले होते. फ्रान्समधून आणि इंग्लंडमधील रुग्णालयांतून त्यांनी लिहिलेली पत्रे तपासनिसांच्या कार्यालयातून जात आणि त्यांतील उतारे शासनासाठी भाषांतरित होत. युद्धाविषयीची त्यांची मतेही होती, पण त्यांना संसदेत वाचून दाखविणारा कोणी नव्हता. ससून यांच्या 'सैनिक' या शब्दाच्या कक्षेत ते कितपत होते, याचे उत्तर निवेदनात मिळत नाही.

वाङ्मयीन पडसाद

क्रेगलॉकहार्ट येथेच ससून यांची विल्फ्रेड ओवेन यांच्याशी भेट झाली. ओवेन यांच्या उत्तरकालीन कवितेला या सहवासाने दिशा दिली, हे सर्वमान्य आहे. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या एक आठवडा आधी मारले गेले. ससून यांचा 'काउंटर-अटॅक अँड अदर पोएम्स' हा संग्रह १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मरी यांनी त्यावर प्रतिकूल परीक्षण लिहून या रचनांना कविता मानण्यास नकार दिला. निवेदनाच्या मसुद्यास साहाय्य करणाऱ्या समीक्षकालाही अनुभवाची तीव्रता आणि काव्य यांत भेद करावासा वाटला, ही बाब लक्षणीय आहे. पुढे पॅट बार्कर यांच्या 'रीजनरेशन' (१९९१) या कादंबरीचा आरंभच या निवेदनाने झाला आणि त्याला नवा वाचकवर्ग मिळाला.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. युद्धविषयक वैयक्तिक मताला मिळणारी जनप्रतिक्रिया मताच्या आशयापेक्षा मत मांडणाऱ्याच्या सामाजिक स्थानावर अधिक अवलंबून असते. एकाच देशात समान मतासाठी तुरुंग, दंड, पदच्युती आणि रुग्णालय असे भिन्न मार्ग अवलंबिले गेले.

२. युद्धाच्या पद्धतीवरील टीका समाज पचवू शकतो. युद्धाच्या हेतूवरील टीका त्याला तितक्या सहजपणे पचत नाही.

३. मत मांडणाऱ्याला रोगी ठरविणे हे खंडन नव्हे. त्यामुळे मत चुकीचे असल्यास तसे सिद्ध करण्याची संधीही समाज गमावतो.

ससून यांचे मत सर्वांशाने बरोबर होते असे म्हणता येत नाही आणि त्याचे महत्त्व त्यावर अवलंबूनही नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न उत्तरास पात्र होता. ते उत्तर मिळण्यास सहा महिने लागले आणि त्या सहा महिन्यांत पॅशनडेलची लढाई होऊन गेली होती.