अपूर्ण कथेचे रसिक

पूर्ण झालेल्या कलाकृतीविषयी बोलण्याची रीत आपल्याकडे जुनी आणि चांगली रुळलेली आहे. पण जी कृती अजून घडतेच आहे, जिचा शेवट लेखकाच्या टाचणात असला तरी पडद्यावर उमटायला चार-पाच वर्षांची मुदत आहे, आणि त्या मुदतीत नट सोडून जातील, पैसा आटेल किंवा वाहिनीची मर्जी फिरेल अशी धास्ती जिला कायमची आहे, तिच्याविषयी जाणतेपणाने कसे बोलावे, हा प्रश्न समीक्षकांनी फारसा मनावर घेतलेला नाही. तो मनावर घेतला अमेरिकेतील अंतराळमालिकांच्या चाहत्यांनी. आठवड्याला एक भाग पाहावयाचा, पुढच्या भागापर्यंतच्या सहा दिवसांत त्याचा तपशील पुनःपुन्हा तपासावयाचा, मागच्या दुव्यांशी ताळा जमवावयाचा आणि पुढचे कयास बांधावयाचे, हा त्यांचा शिरस्ता. ही चर्चा त्या कलाप्रकाराचेच एक अंग आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे; आणि आज निर्मितीचे तंत्र कितीतरी पुढे गेले असताना हे अंग मात्र रोडावत चालले आहे, याची आम्हांस मनापासून खंत वाटते.

आरंभी या चर्चेला कथेचा विषयच नव्हता. १९६६ ते १९६९ या काळात प्रक्षेपित झालेल्या ‘स्टार ट्रेक’च्या ७९ भागांपैकी जवळजवळ प्रत्येक भाग स्वयंपूर्ण होता, संकट येई, निवारे आणि पुढल्या खेपेस नौका पूर्ववत प्रवासाला निघे. यामागे व्यापाराचे कारण होते. मालिका पुढे स्थानिक केंद्रांना विकली जाई आणि ती केंद्रे भाग वाटेल त्या क्रमाने दाखवीत. तेव्हा कोणत्याही भागाने पुढच्यावर ओझे टाकू नये, असाच त्या धंद्याचा दस्तूर होता. अशा मालिकेच्या चाहत्यांनी निष्ठा अपार दाखविली. पत्रांचा वर्षाव करून त्यांनी तिसरे पर्व पदरात पाडून घेतले, १९७२ मध्ये न्यूयॉर्कला मोठे संमेलन भरविले आणि १९७६ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या शटलयानाला ‘एंटरप्राइज’ हे नावही सरकारदरबारी पत्रे पाठवूनच मिळवून दिले. परंतु त्यांची चर्चा त्या जगाविषयी, त्यातील यंत्रांविषयी आणि पात्रांच्या स्वभावांविषयी चाले. ‘पुढे काय’ हा प्रश्न विचारण्याची सोयच त्या रचनेत नव्हती.

ही सोय खऱ्या अर्थाने करून दिली ‘बॅबिलॉन ५’ने. जोसेफ मायकेल स्ट्राझिन्स्की या लेखकाने आदि, मध्य आणि अंत असलेली पाच वर्षांची एकच कथा योजिली, तिच्या ११० भागांपैकी ९२ स्वतः लिहिले आणि १९९४ ते १९९८ या काळात ती तडीस नेली. स्थळ एक अंतराळस्थानक. पाच मैल लांबीचे, अडीच लाख माणसे आणि परग्रहवासी पोटात घेऊन फिरणारे, जिथे परस्परांचे हाडवैरी असलेल्या राष्ट्रांचे वकील एकाच मेजाभोवती मसलतीला बसतात. तेथील दृश्ये आज जुनाट वाटतात, काही नटांचा अभिनय ताठर आहे, विनोद अनेकदा फसतो. हे सर्व मान्य करूनही आम्ही असे म्हणू की, चर्चेला योग्य अशी कथा कशी रचावी, याचा याहून चांगला धडा दूरचित्रवाणीने आजवर दिलेला नाही.

पहिल्याच पर्वातील ‘साइन्स अँड पोर्टेंट्स’ हा भाग घ्या. मॉर्डन नावाचा एक सौम्य, नीटनेटका, सतत मंद हसणारा मनुष्य स्थानकावर येतो आणि एकेका वकिलास गाठून एकच प्रश्न विचारतो, की तुम्हांला काय हवे? नार्न राष्ट्राचा जकार म्हणतो, आपल्या लोकांना गुलाम करणाऱ्या सेंटॉरींचा समूळ नाश. त्यानंतर काय, याचे उत्तर त्याच्यापाशी नाही. मिनबारी वकील डेलेन त्या माणसाच्या भोवतालची काळी छाया ओळखते आणि त्याला बाहेर घालविते. सेंटॉरींचा लोंडो मोलारी मात्र प्रथम टाळाटाळ करतो, चिडतो आणि मग एकाएकी त्याच्या तोंडून आपल्या ढासळत्या साम्राज्याच्या गतवैभवाची सारी तहान बाहेर पडते. मॉर्डनला हवे ते मिळाले. प्रसंग जेमतेम काही मिनिटांचा. पण पुढची चार पर्वे त्या एका उत्तराची किंमत वसूल करीत राहतात. दुसऱ्या पर्वात मॉर्डन हाच प्रश्न लोंडोचा भोळाभाबडा सहायक व्हिर यास विचारतो, तेव्हा व्हिर सांगतो की, तुझे शिर भाल्याच्या टोकावर लागलेले पाहावयाचे आहे आणि त्याला मला असा हात हलवावयाचा आहे. प्रेक्षक हसतो. १९९७ मध्ये ‘इंटू द फायर’ या भागात ते शिर राजवाड्याच्या बागेत खरोखरच भाल्यावर लागते, व्हिर बोटे हलवितो, आणि त्या वेळी मात्र कोणाला हसू येत नाही. ज्याने मधल्या काळात या उत्तरांविषयी कोणाशी वाद घातला असेल, त्याच्यावर या दृश्याचा होणारा परिणाम आणि जो सारी मालिका सलग उरकतो त्याच्यावर होणारा परिणाम यांत फार अंतर आहे, कारण पहिल्याने ती प्रतीक्षा स्वतःच्या आयुष्यातून मोजलेली असते.

याहूनही धाडसाचा प्रयोग लोंडोच्या मरणाचा. मालिकेच्या अगदी पहिल्या भागात तो सांगून टाकतो की, आपला अंत आपल्याला स्वप्नात दिसला आहे. वीस वर्षांनी आपण आणि जकार एकमेकांचा गळा आवळून मरणार आहोत. शेवट असा उघड करून ठेवल्यावर कयास बांधावयास उरले काय, असे वाटेल. १९९६ च्या ‘वॉर विदाउट एंड’मध्ये तेच दृश्य प्रत्यक्ष दिसते, आणि कळते की वृद्ध सम्राट लोंडोच्या देहावर एका परक्या जीवाने पहारा बसविला आहे, तो जीव मद्याने काही क्षण झोपी गेला आहे, आणि तेवढ्या अवधीत लोंडो आपल्या जुन्या शत्रूकडे, जो आता मित्र झाला आहे, मरण मागतो आहे. घटना तीच राहिली, अर्थ मात्र पालटला. कीर्तनातील आख्यान श्रोत्यांना आधीपासून ठाऊक असते आणि तरी बुवांनी एखादा प्रसंग नव्या अंगाने उभा केला की मंडप स्तब्ध होतो. त्याच जातीचा हा आनंद आहे. काय होणार हे कळल्याने कथेचा रसभंग होतो, ही समजूत किती उथळ आहे, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही. त्या काळच्या चाहत्यांपैकी जे खरे मर्मज्ञ होते, त्यांची चर्चाही म्हणूनच ‘काय होईल’ येथून निघून ‘हे असेच का व्हावे लागले’ येथवर पोहोचत असे.

अर्थात ठरविलेले सारे यथास्थित पार पडले, असे नाही. पहिल्या पर्वाचा नायक जेफ्री सिंक्लेअर, म्हणजे मायकेल ओ’हेअर, वर्षअखेर मालिका सोडून गेला आणि त्याच्या जागी ब्रूस बॉक्सलाइटनरचा शेरिडन आला. या बदलाची खरी हकिकत लेखकाने नटाला दिलेल्या शब्दाखातर त्याच्या मृत्यूनंतरच, २०१३ मध्ये, जाहीर केली: ओ’हेअर गंभीर मानसिक आजाराशी झगडत होता. एकोणीस वर्षे ज्या फेरफाराला चाहते रचनेचा दोष किंवा वाहिनीचा हुकूम समजत होते, तो एका माणसाला सांभाळण्यासाठी केलेला होता. पुढे पहिल्या पर्वातील ‘बॅबिलॉन स्क्वेअर्ड’चे प्रसंग तिसऱ्या पर्वात दुसऱ्या बाजूने दाखवून सिंक्लेअरची कथा लेखकाने पूर्ण केली, बारकाईने पाहणाऱ्यास तिथे सांधा दिसतो, पण तो मजबूत आहे. चौथ्या पर्वाच्या वेळी मालिका दाखविणारी व्यवस्थाच मोडकळीस आली, पाचव्याची शाश्वती उरली नाही, आणि दोन महायुद्धे एका वर्षात कोंबावी लागली. नंतर दुसऱ्या वाहिनीने पाचव्या पर्वास मंजुरी दिली खरी, पण तोवर मसाला संपला होता. त्या पर्वाचा पूर्वार्ध रेंगाळतो, हे मालिकेच्या कट्टर चाहत्यांनीच सर्वांत आधी बोलून दाखविले. प्रेम आणि परखडपणा एकत्र नांदू शकतात, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

लेखक आणि चाहते यांच्यातील व्यवहाराचाही येथे उल्लेख केला पाहिजे. स्ट्राझिन्स्की स्वतः संगणकावरून प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देई. मात्र कोणी कथेची कल्पना सुचवू नये, अशी त्याची सक्त अट होती, कारण तशीच कल्पना पुढे मालिकेत आली तर मालकीहक्काचा दावा उभा राहू शकतो. एका चाहत्याने, स्मृती पुसून टाकलेल्या गुन्हेगाराविषयी, सहज असा एक कयास मांडला. लेखकाच्या मनात तीच कथा होती. तिचे लेखन थांबले आणि त्या चाहत्याने रीतसर लेखी कबुलायत देऊन हक्क सोडल्यानंतरच ‘पासिंग थ्रू गेथसेमनी’ हा भाग १९९५ मध्ये पडद्यावर आला. चांगला कयास आणि चांगली कथा यांचा उगम एकाच ठिकाणी असतो, याची ही जणू दप्तरी नोंदच होय.

यानंतरच्या मालिकांपैकी दोहोंचाच विचार करू. २००३ च्या लघुमालिकेपासून २००९ पर्यंत चाललेली नवी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ अभिनयात आणि राजकीय समजेत ‘बॅबिलॉन ५’च्या पुढे आहे, ‘थर्टी थ्री’ या भागात दर ३३ मिनिटांनी शत्रू येत असताना पाच दिवस न झोपलेल्या माणसांचे चित्रण तर अविस्मरणीय आहे. पण आरंभीच्या पर्वांतील शीर्षकावलीत यंत्रमानवांपाशी एक योजना आहे असे वचन तिने दिले, आणि ती योजना लेखकांपाशी नव्हती. चाहते बिचारे योजना शोधीत राहिले, लपलेले शेवटचे पाच यंत्रमानव कोण याच्या याद्या करीत राहिले, आणि अखेर दैवी संकेतांनी सर्व गाठी सोडविल्या गेल्या तेव्हा अनेकांना फसवणूक वाटली. दोष आम्ही चाहत्यांना देत नाही. दिलेल्या वचनावर त्यांनी विश्वास ठेवला होता.

‘द एक्स्पान्स’ (२०१५ ते २०२२) कादंबऱ्यांवर आधारलेली असल्याने तिच्यापाशी आराखडा होता. नौकेच्या प्रवेगामुळेच आत वजन जाणवते आणि प्रवासाच्या साधारण मध्यावर नौका उलटी फिरवून वेग कमी करावा लागतो, या साध्या भौतिकीवर तिचे चाहते रंगून बोलत. २०१८ मध्ये ती बंद पडली, चाहत्यांनी विमानाला फलक बांधून तो ॲमेझॉनच्या चित्रसंस्थेवरून फिरविला आणि ती ॲमेझॉनने घेतली. पुढचा तपशील आमच्या दृष्टीने फार बोलका आहे: चौथ्या पर्वाचे सर्व भाग एकाच दिवशी प्रसृत झाले, तर पाचव्यापासून, आरंभीचे तीन सोडता, पुन्हा आठवड्याला एक भाग असा क्रम धरण्यात आला. चौथे पर्व ज्याने त्याने आपापल्या गतीने पाहिले. कोणी दुसऱ्या भागावर, कोणी दहाव्यावर, आणि बोलावयाचे तर एकमेकांना चुकवून. पाचव्या पर्वात अंतराळातून पृथ्वीवर पाषाण फेकले गेले, तेव्हा सर्वांनी एकाच आठवड्यात श्वास रोखला आणि एकाच आठवड्यात वाद घातला. नऊ कादंबऱ्यांपैकी सहाच पडद्यावर आल्या, हे दुःख निराळे.

मराठी वाचकांपैकी ज्यांनी ‘बॅबिलॉन ५’ पाहिलेली नाही, त्यांस आमची विनंती आहे. ती पहिल्या पर्वापासून पाहावी, तेथील ओबडधोबडपणास कंटाळून सोडू नये, सोबतीला असा एखादा मित्र घ्यावा की ज्याच्याशी मतभेद होतील, आणि हाताशी सर्व भाग असले तरी आठवड्याला दोनांहून अधिक पाहू नयेत. मॉर्डन स्थानकावर येतो तो भाग तेरावा आहे. तिथवर पोहोचल्यावर पुढे जाण्याआधी लोंडोच्या उत्तराविषयी त्या मित्राशी बोलून घ्यावे.